हिवाळ्यात कोंबड्यांचे खुराडे : ऊब हवी, कोंडमारा नको

(भंडारा जिल्ह्यात परसातील कोंबडीपालन करणाऱ्या शेतकऱ्यांसमोर दिलेले भाषण)



मी कृषिविद्या विषयाचा शिक्षक आहे. धानाची रोवणी, खताच्या मात्रा, बांधीतले पाणी हा माझा नित्याचा विषय. कोंबड्यांवर बोलायला एखादे पशुवैद्यक यायला हवे होते, असे आपल्यापैकी काहींच्या मनात आले असेल, तर ते योग्यच आहे. कोंबड्यांच्या आजारांवर मी आज फारसे बोलणार नाही. त्यासाठी आपला पशुवैद्यकीय दवाखाना आहे. परंतु खुराडे उबदार करायला जे जे लागते, म्हणजे तणस, तूस, माती, बारदाना, ते सगळे आपल्या धानाच्या शेतीतूनच येते. त्याविषयी बोलण्याचा मला थोडा अधिकार आहे, आणि दुसरे असे की या कामात माझ्या हातून एक चूक झालेली आहे. ती आधी सांगतो.

पाच वर्षांपूर्वीची गोष्ट. आमचे शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी ग्रामीण कार्यानुभवासाठी लाखनी तालुक्यातील एका गावी मुक्कामी होते. डिसेंबरचा शेवट होता आणि थंडी एकदम वाढली होती. तेथील एका ताईंकडे बारा कोंबड्या आणि एक कोंबडा होता. घराच्या मागे टिनाचे छप्पर आणि बांबूच्या तट्ट्या असलेले खुराडे. मी विद्यार्थ्यांना सांगितले, खताच्या रिकाम्या पिशव्या उसवा आणि खुराड्याला चारही बाजूंनी लावा, कुठेही फट ठेवू नका. मुलांनी ते काम मन लावून केले. छपराखालची मोकळी जागासुद्धा बंद केली. पहिल्या रात्री आत हात घालून पाहिला, तर खरोखरच ऊब होती. मला समाधान वाटले.

आठव्या दिवशी निरोप आला. जाऊन पाहतो तर पिशव्यांना आतून पाण्याचे थेंब लोंबत होते, टिनातून पाणी टपकत होते, खालचे तूस चिखलासारखे झाले होते. दार उघडताच डोळ्यांना झोंबेल असा वास आला. चार कोंबड्या नाकातून पाणी गाळीत घरघरत होत्या. दवाखान्यातून औषध आणले, तरीही आठवडाभरात पाच कोंबड्या गेल्या. त्या ताई अंडी विकून मुलीच्या शाळेचा किरकोळ खर्च भागवीत असत. त्या माझ्यावर रागावल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, "कोंबडी काही बियाण्याचं पोतं नोहे सर, तोंड शिवून ठेवाले."

हे वाक्य मला पुस्तकात मिळाले नव्हते. त्याचा हिशेब मात्र मी नंतर मांडून पाहिला. एक मोठी कोंबडी हिवाळ्यात दिवसाला साधारण पाव लिटरपर्यंत पाणी पिते. दहा कोंबड्या म्हणजे दोन-अडीच लिटर. त्यांतले थोडे अंड्यात जाते, बाकीचे विष्ठेतून आणि श्वासातून बाहेर पडते. रात्र हिवाळ्यात तेरा तासांची, आणि त्या सगळ्या वेळात कोंबड्या आतच असतात. म्हणजे रोज रात्री खुराड्यात तांब्याभर पाणी आपण स्वतःच्या हाताने शिंपडावे, तसा हा प्रकार आहे. हे पाणी वाफ होऊन बाहेर गेले नाही, तर ते थंड टिनाला आणि पन्नीला लागून पुन्हा पाणी होते व खाली पडते. ओल्या विष्ठेतून अमोनिया सुटतो. अमोनियाने नाकाची आणि श्वासनळीची आतली त्वचा सोलवटते, आणि मग रोगाला वाट मोकळी होते. पाच कोंबड्या थंडीने मेल्या नाहीत. मी केलेल्या उबेने मेल्या.

आता थंडीचे बोलू. आपल्याकडची थंडी किती? एरवी डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा दहा-बारा अंशांच्या आसपास असतो. लाट आली की तो एक अंकी होतो. नागपूरला २९ डिसेंबर २०१८ रोजी किमान तापमान ३.५ अंश सेल्सिअस नोंदले गेले होते, आणि भंडारा तेथून साठ-पासष्ट किलोमीटर. शिवाय आपला जिल्हा तलावांचा आणि बोड्यांचा. तलावाच्या पाळीखाली, वैनगंगेच्या काठी, बांधीच्या कडेला असलेल्या घरांना थंडी अधिक बोचते, याचे कारण थंड हवा जड असते. ती रात्री पाण्यासारखी सखल जागेकडे उतरते आणि तेथे साचते. वर दव आणि धुके. म्हणून खुराडे नवीन बांधणार असाल तर वाडीतली उंचवट्याची जागा निवडा, मग ती घरापासून दहा पावले लांब पडली तरी चालेल.

एवढी थंडी मोठ्या कोंबडीला सोसते का? सोसते. तिच्या शरीराचे तापमान सुमारे ४१ अंश असते, आपल्यापेक्षा चार अंशांनी अधिक. ते टिकविण्यासाठी तिच्याजवळ पिसांची गादी आहे. थंडीच्या सकाळी कोंबडी फुगलेली दिसते, ती आजारी असतेच असे नाही. तिने पिसे उभारून मध्ये हवा अडकवलेली असते. आपली गोधडीही याच तत्त्वावर काम करते. ऊब कापडात नसते, कापडांच्या थरांमध्ये अडकलेल्या कोरड्या, न हलणाऱ्या हवेत असते. पिसांत वारा शिरला की ही हवा निघून जाते, आणि पिसे ओली झाली की गादीच उरत नाही. उत्तर अमेरिकेत, जेथे आपल्या कल्पनेपलीकडचे बर्फ पडते, तेथेसुद्धा समोरून उघड्या कोंबडीघरांचा पुरस्कार झालेला आहे. डॉ. प्रिन्स वुड्स यांचे या विषयावरचे पुस्तक १९२४ साली निघाले. तेथे जर कोंबडी मोकळ्या हवेत हिवाळा काढू शकते, तर आपल्या भंडाऱ्यात तिला पन्नीत गुंडाळण्याचे कारण नाही. तिला तीन गोष्टी द्या : डोक्यावर न गळणारे छप्पर, अंगावर न येणारा वारा आणि पायाखाली कोरडे.

छपरापासून सुरुवात करतो, कारण सगळ्यात जास्त दुर्लक्ष तेथेच होते. कवेलूचे छप्पर असेल तर मला फारसे सांगायचे नाही. फुटके कवेलू बदला, झाले. टिनाचा प्रश्न वेगळा आहे. निरभ्र रात्री टीन आपली उष्णता आकाशाकडे टाकून देते आणि भोवतालच्या हवेपेक्षाही थंड होते. पहाटे मोटारसायकलच्या टाकीवर दव साचलेले आपण पाहतोच, तेच टिनाच्या खालच्या बाजूला होते, आणि ते पाणी नेमके दांडीवर बसलेल्या कोंबड्यांच्या पाठीवर पडते. यावर उपाय धानाच्या तणसाचा. टिनाच्या वर चार ते सहा इंच जाडीचा तणसाचा थर द्या, बांबूच्या कामट्यांनी दाबून बांधा, आणि तो कडेला हात-दीड हात पुढे येऊ द्या. टीन मग उघड्या आकाशासमोर राहत नाही आणि त्याला घाम येत नाही.

तणस मात्र निवडून घ्या. परतीच्या पावसात भिजलेल्या पुंजण्याचे, काळे डाग पडलेले, कुबट वासाचे तणस खुराड्याच्या जवळही नेऊ नका. त्यावरची बुरशी श्वासातून पिलांच्या फुप्फुसात जाते. पिले चोच उघडून धापा टाकतात आणि आवाज न करता मरतात. अलीकडे हार्वेस्टरने कापणी झाल्यावर तणस बांधीतच पसरलेले राहते आणि काही ठिकाणी ते जाळूनही टाकतात. जाळण्याआधी छपरापुरते चार भारे उचलून आणायला एक सकाळ पुरते. आणखी एक सूचना. तणसाचे छप्पर म्हटले की आगीचे भय आहेच. खुराड्यात जाणारी विजेची तार जोड दिलेली, उघडी असू नये, आणि चूल, शेकोटी लांब असावी.

आता जमीन. येथे आपल्या जिल्ह्यासारखे भाग्यवान आपणच, कारण भातगिरण्या आपल्या दारात आहेत. धान भरडल्यावर वजनाच्या सुमारे एक पंचमांश तूस निघते. आपल्याकडे कोणी त्याला कोंडा म्हणतात, कोणी भुसा. मी वरच्या कडक टरफलाविषयी बोलतो आहे, जनावरांना घालतो त्या बारीक कोंड्याविषयी नाही. हा फरक महत्त्वाचा आहे. जुन्या हलर गिरणीत टरफल आणि बारीक कोंडा एकत्र निघतो. तो ओला झाला की लगेच आंबतो व बुरशी धरतो. शेलरच्या गिरणीतले स्वच्छ, खडबडीत तूस घ्या. तुसात सिलिका पुष्कळ असते, त्यामुळे ते लवकर कुजत नाही, आणि प्रत्येक टरफल होडीसारखे वळलेले असल्याने त्यात हवा अडकून राहते. वर सांगितलेली गोधडी ती हीच. अख्खे तणस जमिनीवर अंथरू नका; ते दबते, विष्ठेने त्याचा थापा होतो आणि खाली ओल कोंडते. अंथरायचेच असेल तर बोटभर लांबीचे तुकडे करून तुसात मिसळा.

उन्हाळ्यात दोन-तीन इंच तूस पुरते. हिवाळ्यात चार ते सहा इंच करा. हिशेब करून पाहा. चार फूट बाय पाच फुटांचे खुराडे, म्हणजे वीस चौरस फूट, दहा कोंबड्यांना बरे पडते. त्यात पाच इंच थर द्यायला पंचवीस-तीस किलो तूस लागते, अडीच-तीन पोती. म्हणजे साधारण दीड क्विंटल धानाच्या भरडाईत निघते तेवढे. घरचे वर्षाचे तांदूळ भरडता, त्यांतूनच ही गरज भागून वर उरते.

थर घातला म्हणजे काम संपले असे नाही. आठवड्यातून दोन-तीनदा दाताळ्याने तूस खालवर करा, म्हणजे विष्ठा मिसळते आणि वाळते. थर कोरडा आहे की नाही हे पाहण्याची रीत सोपी आहे : मूठभर तूस घट्ट दाबा आणि मूठ उघडा. ते मोकळे झाले तर ठीक. गोळा राहिला तर ओल जास्त आहे, तेवढा भाग काढा आणि नवे घाला. पाण्याचे भांडे थेट तुसात न ठेवता विटांवर ठेवा; निम्मी ओल तेथूनच येते. पुष्कळजण ओलीवर चुना टाकतात. यात मला माझ्या विषयातले एक सांगायचे आहे. अमोनियम सल्फेटमध्ये चुना मिसळू नये असे आम्ही आपल्याला सांगत आलो, कारण चुन्याच्या संपर्कात अमोनिया उडून जातो. खुराड्यातही तसेच होते. वास येत असताना चुना टाकला की वास कमी न होता वाढतो. आधी ओले तूस काढा, जमीन कोरडी होऊ द्या, मग जमिनीवर चुना भुरभुरा आणि वर नवे तूस पसरा.

ज्यांचे खुराडे बांबूच्या खांबांवर, जमिनीपासून दोन हात उंच आहे, त्यांना पावसाळ्यात सुख असते. हिवाळ्यात मात्र फळीच्या फटींतून खालून वारा येतो. त्यांनी दोन महिन्यांसाठी आत बारदाना अंथरून वर तूस घालावे. आत बसायला दांडी हवी. ती काठीसारखी बारीक नको. दोन इंच रुंद, वरच्या कडा घासून गोल केलेली. अशा दांडीवर बसलेली कोंबडी आपल्या पोटाच्या पिसांनी पायाची बोटे झाकून घेते. एका कोंबडीला वीतभर जागा धरा, त्यांना एकमेकींना चिकटून बसू द्या. दहा कोंबड्या एकत्र बसल्या म्हणजे शंभरेक वॅटच्या शेगडीइतकी ऊब त्या स्वतःच तयार करतात, तीही बिनखर्चात.

बाजूंविषयी आता आपल्या लक्षात आले असेल. मातीने लिंपलेल्या कुडाच्या भिंती असतील तर त्यांच्याइतके चांगले काही नाही. मातीत थोडे तूस कालवून भेगा बुजवा. जाळी किंवा तट्ट्या असतील तर बारदान्याचे पडदे लावा, पण खालून वर. तळाशी घट्ट, आणि वर छपराखाली वीतभर मोकळे. उत्तरेकडची बाजू पूर्ण झाका, कारण थंड वारा बहुधा तिकडून येतो. दक्षिणेकडची वरची बाजू उघडी ठेवा. कोंबड्या दांडीवर बसल्यावर त्यांच्या डोक्याच्या वर एक हात तरी हवा वाहती असावी आणि डोक्याखाली वारा नसावा, हे माप. बारदाना श्वास घेतो, पन्नी घेत नाही. पन्नी वापरायचीच असेल तर बारदान्याच्या बाहेरून, फक्त वाऱ्याच्या बाजूला. सकाळी ऊन आले की पडदे वर गुंडाळा.

वर मोकळे ठेवा म्हटले की भगिनी लगेच विचारतात, मुंगूस आणि रानमांजराचे काय? प्रश्न खरा आहे. खुराडी घट्ट बंद करण्याची आपली सवय थंडीपेक्षा याच भीतीतून आली आहे. मोकळ्या जागेला अर्ध्या इंचाची वेल्डेड जाळी मारा. तसेच भिंतीच्या पोकळीत सुटे तणस कोंबू नका, उंदीर घर करतात, आणि उंदरामागे साप येतो. कोंबायचेच तर ते पोत्यात भरून, तोंड शिवून लावा. पोत्याचे तोंड शिवायला हरकत नाही.

आपण केलेले ठीक आहे की नाही, याची तपासणी पहाटे पाच वाजता करा. दार उघडून कोंबडीच्या उंचीला खाली बसा आणि श्वास घ्या. उभे राहून चालणार नाही. अमोनिया तुसाजवळ जास्त असतो. डोळे चुरचुरले तर तिचे रात्रभर चुरचुरत होते. मग टिनाच्या खालून हात फिरवा. हात ओला झाला तर वरची फट वाढवा.

पिलांचे मात्र हे सगळे नियम वेगळे आहेत, आणि येथे थंडी खरोखर मारते. पहिल्या आठवड्यात पिलाला सुमारे ३५ अंश ऊब लागते. पुढे दर आठवड्याला तीन अंश कमी करीत जायचे. देशी कोंबडी दहा-बारा पिले पंखाखाली घेते, तेथे आपल्याला फक्त तिला कोरड्या, वाऱ्याआडच्या जागी डाल्याखाली ठेवायचे असते. परंतु हल्ली बचत गटांमार्फत वनराज, ग्रामप्रिया यांसारख्या सुधारित जातींची पिले येतात. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाने विकसित केलेल्या या जाती परसासाठी चांगल्या आहेत, पण त्या पिलांबरोबर आई येत नाही. ती ऊब आपल्यालाच द्यावी लागते.

येथे एक नवीन अडचण उभी राहिली आहे. पूर्वी आम्ही सांगत असू, पिलामागे एक-दोन वॅट धरून बल्ब लावा. पन्नास पिलांना साठ-साठ वॅटचे एक-दोन बल्ब पुरत. तो सल्ला जुन्या, तापणाऱ्या बल्बाचा होता. आता दुकानात बल्ब मागितला की नऊ वॅटचा एलईडी देतात. उजेड तेवढाच पडतो, पण उष्णता जवळजवळ नाही. पिले झगझगीत उजेडात गारठून मरतात आणि आपण म्हणतो, दिवा तर लावला होता. म्हणून तापणारा जुन्या प्रकारचा किंवा पिलांसाठी मिळणारा ऊब देणारा दिवाच मागून घ्या. तो दीड फूट उंचीवर टांगा, भोवती पुठ्ठ्याचे किंवा तट्टीचे गोल कडे करा, आणि मग पिलांकडे पाहा. दिव्याखाली एकमेकांवर चढली तर थंडी आहे, दूर कडेला पळाली तर उष्णता जास्त आहे, सगळी एका बाजूला दाटली तर दुसऱ्या बाजूने वारा येतो आहे. सारखी पसरून बसली की दिव्याची उंची बरोबर आहे.

वीज गेली तर? येथे कृपा करून कोळशाची शेगडी बंद खोपीत ठेवू नका. धुमसत्या कोळशातून जो कार्बन मोनॉक्साइड निघतो त्याला रंग नाही, वास नाही. पिले झोपल्यासारखी मरतात, आणि पाहायला आत गेलेल्या माणसालाही धोका असतो. त्याऐवजी बुरडाकडून दोन टोपल्या घ्या, एक लहान आणि एक तिच्यापेक्षा वीतभर मोठी. मोठीत लहान ठेवून मधल्या जागेत तूस भरा, आत सुती कापड अंथरा. पंधरा-वीस पिले एकत्र ठेवून वरून सैल विणीचे बारदान टाका. पिलांची स्वतःची ऊब तुसाच्या थराने आत राहते आणि वीज येईपर्यंत दोन-तीन तास निभावतात. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यानंतर तर अशा टोपलीत रात्रही काढता येते. पहिल्या आठवड्यात मात्र रात्रभर तिच्यावर विसंबू नका.

हिवाळ्यात अंडी कमी होतात, ती थंडीनेच असे समजून काहीजण खुराडे आणखी बंद करतात. मोठे कारण उजेडाचे आहे. डिसेंबरात आपल्याकडे दिवस अकरा तासांहूनही थोडा लहान असतो, आणि अंड्यावरच्या कोंबडीला चौदा-पंधरा तास उजेड लागतो. सुधारित कोंबड्या असतील तर पहाटे तीन-चार तास दिवा लावा. यासाठी एलईडी उत्तम. देशी कोंबडीसाठी हा खर्च करू नये असे माझे मत आहे. संध्याकाळी कोंबण्यापूर्वी मूठभर कनकी किंवा भरडलेला मका द्या, सकाळी पाणी कोमट द्या, एवढे पुरे. आणि मानमोडीची लस दवाखान्यात विचारून वेळेवर टोचून घ्या. त्याला कोणत्याही खुराड्याचा पर्याय नाही.

फेब्रुवारीच्या मध्यावर पडदे काढा आणि तूस बाहेर काढा. कोंबडीखतात साधारण तीन टक्के नत्र, अडीच टक्क्यांवर स्फुरद आणि दीड टक्क्याच्या आतबाहेर पालाश असते. आपल्या खतात तुसाचा भाग असल्याने ते थोडे कमी धरा. हे खत ताजे बांधीत टाकू नका. न कुजलेले तूस कुजताना जमिनीतले नत्र ओढून घेते आणि पऱ्हे पिवळे पडतात. सावलीत ढीग घाला, शेणाचा काला शिंपडा, महिन्याने एकदा पलटा. मृगापर्यंत ते पऱ्ह्यांच्या गादीसाठी तयार होते. टिनावरचे तणस मात्र तसेच राहू द्या. मे महिन्यात पारा पंचेचाळीसवर गेला की दुपारी त्यावर दोन बादल्या पाणी टाका. तेव्हा त्याच खुराड्याला थंड ठेवायचे असते, आणि ते तणस तेही काम करते.